खाऱ्या वाऱ्यातल्या नव्या गाड्या

२०२५ सालची घटस्थापना २२ सप्टेंबरला होती आणि नेमका त्याच दिवसापासून चार मीटरच्या आतल्या छोट्या गाड्यांवरचा जीएसटी उतरला. तोवर पेट्रोल गाडीवर २८ टक्के कर आणि वर एक टक्का उपकर होता, डिझेलवर उपकर तीन टक्के. दोन्ही १८ टक्क्यांवर आल्या. पुढे दहा दिवसांवर दसरा, मग दिवाळी. ज्या घरांत ‘यंदा घ्यायची की पुढच्या वर्षी’ यावर वर्षभर खल चालला होता, तिथला निर्णय त्या पंधरवड्यात झाला. बेलापूरच्या दिवाळे कोळीवाड्यातही काही घरांत तेव्हाच नवी कॉम्पॅक्ट एसयूव्ही आली.

त्या गाड्यांनी आता एक पावसाळा काढला आहे. सीटवरचं प्लास्टिक निघालं आहे, मोफत सर्व्हिस संपत आल्या आहेत. मालकाला गाडीविषयी विचारावं ते याच वेळी. पहिल्या महिन्यात तो नुसतं कौतुक सांगतो आणि पाच वर्षांनी त्याला सगळ्याची सवय झालेली असते. वर्ष भरत आलं की मात्र गाडीचा प्रत्येक आवाज त्याच्या ओळखीचा झालेला असतो आणि कुठला आवाज नको आहे, हेही त्याला ठाऊक असतं.

दिवाळे हा मच्छीमारांचा गाव. समोर खाडी, जेट्टीला लागलेल्या होड्या, दोरीवर आणि जमिनीवर वाळणारी मासळी, मासळीबाजार. सायन–पनवेल महामार्ग हाकेच्या अंतरावर. दोन-तीन किलोमीटरच्या आत सिडको भवन, कोकण भवन, रिझर्व्ह बँक, महापालिकेचं मुख्यालय. १९७० मध्ये सिडको स्थापन झाली, नवं शहर आखलं गेलं, आणि जुनी गावठाणं त्या आखणीच्या मधेमधे होती तशीच राहिली. सेक्टरांमध्ये पार्किंगचे पट्टे आखलेले आहेत. गावठाणात घराला घर लागून आहे आणि गल्लीचं माप डोक्यावर पाटी घेतलेल्या दोन बायका समोरासमोरून निघून जातील एवढं. कॉम्पॅक्ट म्हटली तरी या गाड्यांची रुंदी १.८ मीटरच्या आसपास असते आणि त्यात बाजूचे आरसे धरलेले नसतात. म्हणून गाडी गल्लीबाहेर, रस्त्याच्या कडेला, उघड्यावर उभी राहते. खाडीचा वारा रात्रभर तिच्यावरून जातो.

“गारी घेताना रंग इचारला, लोन किती पायजे त्यो इचारला. गारी रातची कुटं उबी रवाची, त्यो कोनी इचारला नाय,” एक मावशी मला म्हणाल्या. मासळीच्या धंद्यात त्यांची उमर गेली. गाडी मुलाच्या नावावर असली तरी हप्त्यात त्यांचा वाटा आहे. दिवाळीत समुद्रातून बहिरीदेवाला गावात आणतात. गेल्या दिवाळीत त्यांनी गाडीची चावी आधी देवापुढे ठेवली होती. ‘कोनी इचारला नाय’ हे त्यांचं वाक्य मी ज्यांच्या-ज्यांच्याशी बोललो त्या प्रत्येकाच्या अनुभवाला लागू पडलं. या गाड्यांच्या बारीकसारीक तक्रारींतल्या बऱ्याचशा कारखान्यात जन्मलेल्या नसतात. गाडी कुठे राहणार, रोज किती धावणार, कोण चालवणार, हे न विचारता ती विकली जाते, तिथे त्या सुरू होतात.

गाडी अशी का बनते, तेही पाहायला हवं. २००६ च्या अर्थसंकल्पात पी. चिदंबरम यांनी छोट्या गाड्यांवरचं उत्पादन शुल्क २४ वरून १६ टक्क्यांवर आणलं आणि छोटी गाडी कशाला म्हणायचं ते ठरवून दिलं: लांबी चार मीटरपर्यंत, पेट्रोल इंजिन १,२०० सीसीपर्यंत, डिझेल १,५०० पर्यंत. पुढे कर बदलत राहिले, ही चौकट राहिली. उंच, रुंद, जीपसारखी दिसणारी गाडी याच चौकटीत बसवता येते हे २०१३ मध्ये फोर्ड इकोस्पोर्टनं दाखवलं. २०१६ ला ब्रेझा आली, २०१७ ला नेक्सॉन, २०१९ ला व्हेन्यू आणि एक्सयूव्ही थ्री हंड्रेड. यांतल्या बहुतेकींची लांबी चार मीटरला पाच-सात मिलिमीटर कमी भरते. लांबी बांधलेली, म्हणून डिक्कीला किंवा मागच्या सीटला कात्री लागते. इंजिनाचं माप बांधलेलं, म्हणून बहुतेक ठिकाणी तीन सिलिंडर येतात आणि जोर कमी पडू नये म्हणून टर्बो.

सिग्नलला गाडी उभी असताना एसी चालू असला की स्टिअरिंगमध्ये जी बारीक थरथर जाणवते, तिचं मूळ या तीन सिलिंडरांत आहे. चार सिलिंडरांत एकमेकांचे धक्के जसे तोलले जातात तसे तिनांत पूर्ण तोलले जात नाहीत. इंजिनाखालच्या रबरी माउंटनी ते पचवायचे असतात. माउंट ठीक असेल तर थरथर सौम्य राहते आणि तिची काळजी करण्याचं कारण नाही. ती महिन्यागणिक वाढत असेल तर मात्र माउंट तपासून घ्यायलाच हवं. टर्बोचंही तसंच. गतिरोधक ओलांडून दुसऱ्या गिअरमध्ये पाय दाबला की क्षणभर गाडी काहीच करत नाही आणि मग एकदम ओढते. वर्षानुवर्षं साधी हॅचबॅक चालवलेल्या माणसाला वाटतं, पिकअप गेला. खरं तर टर्बो फिरवण्याइतका धुराचा जोर कमी आरपीएमला तयारच झालेला नसतो. गिअर एक खाली टाकला की काम होतं. शोरूममधल्या टेस्ट ड्राइव्हमध्ये हे दोन मिनिटांत दाखवता येईल. सहसा दाखवतात ते सनरूफ.

पुढच्या अनुभवांत गाड्यांची नावं दिलेली नाहीत. यांतली एकही तक्रार एका कंपनीपुरती नाही.

सीबीडी बेलापूरमधल्या एका कार्यालयात नोकरी करणाऱ्या तरुणाची गोष्ट मला सगळ्यांत गंभीर वाटते. त्यानं डिझेल घेतली, कारण घरात आजवर सगळ्यांनी डिझेलचंच कौतुक केलं होतं: ॲव्हरेज चांगलं, इंजिन दणकट. घर ते कार्यालय तीन किलोमीटर, संध्याकाळी तेवढंच परत. चौथ्या महिन्यात डॅशबोर्डवर एक पिवळा दिवा लागला. तो आपोआप जाईल असं वाटून त्यानं आठवडाभर तशीच चालवली. मग गाडीनं ताकद सोडली. कितीही दाबलं तरी चाळीसच्या वर जाईना. टो करून सर्व्हिस सेंटरला न्यावी लागली. तिथल्या ॲडव्हायझरनं त्याला सांगितलं, “सर, तुम्ही गाडी चालवतच नाही.”

एका अर्थी ते खरं होतं. १ एप्रिल २०२० पासून बीएस-सहा मानक लागू झालं आणि डिझेल गाड्यांच्या धुराड्यात काजळी अडवणारा फिल्टर आला. डीपीएफ म्हणतात तो. अडलेली काजळी तिथेच जाळून टाकायची असते आणि त्यासाठी फिल्टर सुमारे ६०० अंशांपर्यंत तापावा लागतो. साठच्या वर, न थांबता, पंधरा-वीस मिनिटं गाडी धावली की हे काम मालकाच्या नकळत होऊन जातं. तीन किलोमीटरच्या प्रवासात इंजिनच धड गरम होत नाही, फिल्टर कुठून तापणार? काजळी साठत जाते, दिवा लागतो, आणि दिव्याकडे दुर्लक्ष केलं की गाडी स्वतःला वाचवण्यासाठी जोर कमी करते. सर्व्हिस सेंटरला मशीन जोडून काजळी जाळता येते. तेही हाताबाहेर गेलं तर फिल्टर बदलावा लागतो आणि तो फार महाग असतो.

आता तो दर रविवारी सकाळी पनवेलवरून खालापूरच्या बाजूला जाऊन येतो. पाम बीच मार्ग जवळ आहे, पण तिथे वेगमर्यादा साठची आणि मधे सिग्नल, त्यामुळे पट्टा अखंड मिळत नाही. “मला कोणी आधी सांगितलं असतं, तर मी पेट्रोलच घेतली असती,” तो म्हणाला. डिझेलसाठी त्यानं लाखभर रुपये जास्त मोजले. रोज सहा किलोमीटर जाणाऱ्या माणसाला डिझेल गाडी विकणं मला अन्यायाचं वाटतं. फॉर्मवर ‘रोजचा प्रवास किती’ एवढा एकच रकाना असता तरी हे टळलं असतं. त्या दिव्याचा अर्थ मॅन्युअलमध्ये छापलेला होता. पण मी गावात पाहिली ती सगळी मॅन्युअल्स इंग्रजीत होती. नेक्सॉन रांजणगावला बनू लागली, एक्सयूव्ही थ्री एक्स ओ नाशिकची, कायलॅक चाकणची, २०२५ च्या नोव्हेंबरमध्ये आलेली नवी व्हेन्यू तळेगावची. एवढ्या गाड्या महाराष्ट्रात जोडल्या जातात, तर चार महत्त्वाच्या दिव्यांची माहिती देणारं एक मराठी पान गाडीत असावं, ही मागणी जास्त नाही.

चाकण, रांजणगावच्या हवेत मीठ नाही. दिवाळे गावात आहे. सकाळी गाडी काढताना पहिल्या दोन-चार ब्रेकला खरखर येते, ही इथली घरोघरची तक्रार. ब्रेकची डिस्क उघड्या लोखंडाची असते. दमट खाऱ्या हवेत एका रात्रीत तिच्यावर तांबूस थर चढतो आणि ब्रेक लावला की पुसला जातो. हे निर्धोक आहे. निर्धोक नाही ते दिसत नाही. दाराच्या खालच्या कडेला पाणी निघून जायला बारीक भोकं ठेवलेली असतात. चिखल, पाला, कधी पॉलिशचं मेण बसून ती बुजतात, पाणी आत राहतं आणि दार आतून गंजू लागतं. बाहेरून रंग फुगलेला दिसेपर्यंत उशीर झालेला असतो. मावशींच्या मुलाला हे गावातल्याच एका जुन्या टेम्पोचालकानं दाखवलं, काडी घालून. टेम्पोवाल्यांना हे पिढीजात माहीत आहे, कारण खारं पाणी गळणारी मासळीची खोकी वाहून त्यांचे पत्रे कुजतात.

गाडी बाहेरून चकचकीत धुण्यापेक्षा खालून गोड्या पाण्यानं धुणं इथे जास्त गरजेचं. शोरूमवाले अँटी-रस्ट कोटिंग विकतात, ते घ्यायला हरकत नाही, पण कोटिंग मारताना हीच भोकं बुजवली गेली तर पैसे देऊन गंज आणल्यासारखं होतं. कोटिंग झाल्यावर वाकून भोकं बघावीत. आणि डिक्कीत मासळी न्यायची तर खोकं बंद झाकणाचंच हवं. बर्फाचं खारं पाणी एकदा डिक्कीच्या गालिच्याखाली गेलं की वास महिनाभर जात नाही, आणि खाली पत्र्यावर काय चाललं आहे ते कळतही नाही.

मग उंदीर. मासळी वाळते तिथे उंदीर असणारच, आणि रात्री नुकतीच उभी केलेली गाडी म्हणजे त्यांना ऊबदार आयती जागा. ते बॉनेटखाली चढतात आणि वायरी कुरतडतात. पूर्वीच्या गाडीत एखादी वायर तुटली तर मिस्त्री जोडून द्यायचा. आताच्या गाडीत सेन्सरची वायर तुटली की चार दिवे एकदम लागतात, गाडी सुरू होत नाही, आणि सर्व्हिस सेंटर तुटकी वायर जोडण्याऐवजी अख्खं वायरिंग हार्नेस बदलायला सांगतं. एका घरात तर नव्या गाडीचा पहिला मोठा खर्च हाच निघाला. बऱ्याच सर्वंकष विमा पॉलिसींत उंदरांच्या नुकसानीचा दावा करता येतो, तो करावा. पण दावा केला की नो क्लेम बोनस जातो, हे धरून हिशेब करावा. उपाय गावात अनेक चालतात: डांबरगोळ्या, तंबाखूची पुडी, फवारे. ज्यांचा त्रास खरोखर थांबला, त्यांनी खालून बारीक जाळी बसवून घेतली होती आणि रोज रात्री बॉनेट थोडा वेळ उघडं ठेवून इंजिन थंड होऊ दिलं होतं.

पावसाळ्यात भरती आणि मुसळधार एका वेळी आली की खाडीकाठी पाणी निचरायला जागा नसते. या गाड्यांचा ग्राउंड क्लिअरन्स साधारण १९० ते २१० मिलिमीटर. ‘एसयूव्ही आहे, पाण्यातून निघेल’ हा विश्वास त्या आकड्यावर उभा असतो. पण इंजिनाला हवा घेणारं तोंड किती उंचीवर आहे, ते कोणी बघत नाही. त्या तोंडातून पाणी सिलिंडरमध्ये गेलं तर पिस्टनला ते दाबता येत नाही आणि कनेक्टिंग रॉड वाकतो. पाण्यात बंद पडलेली गाडी पुन्हा सुरू करण्याचा प्रयत्न हा सगळ्यांत महागडा प्रयत्न ठरतो. साध्या पॉलिसीत विमा कंपन्या असं नुकसान सहसा नाकारतात. इंजिन प्रोटेक्शनचं वेगळं कलम घ्यावं लागतं. गावातल्या एका काकांनी हप्ता कमी करायला नेमकं तेच काढून टाकलं होतं. त्यांच्या गाडीला काही झालं नाही, पण जूनपासून गणपतीपर्यंत भरतीच्या तासाला ते गाडी उचलून सेक्टरात उंचावर नेऊन लावत राहिले.

सनरूफबद्दल माझं मत स्पष्ट आहे: उघड्यावर, झाडाखाली राहणाऱ्या गाडीला तो नसलेला बरा. त्याच्या चौकटीत पडणारं पाणी चार कोपऱ्यांतल्या नळ्यांतून खाली जातं. पाल्यानं नळी तुंबली की पाणी छताच्या कापडातून आत उतरतं. नळ्या साफ करणं अर्ध्या तासाचं काम आहे, पण ते सर्व्हिसच्या यादीत आहे का, हे मालकालाच विचारावं लागतं.

एएमटी गिअरबॉक्सविषयी एका शिक्षिकेशी बोललो. गाडीत क्लच नाही म्हणून त्या खूश आहेत, आणि त्यांचं खूश असणं योग्यच आहे. पूर्वी गाडी चालवायला धजावत नव्हत्या, आता उरणपर्यंत एकट्या जातात. फक्त पारसिक हिलच्या चढावर, पुढे रांग असली की, गाडी मागे सरकते. एएमटी म्हणजे साधाच गिअरबॉक्स, क्लच दाबायचं काम मोटार करते. चढावर ॲक्सिलरेटरवर गाडी तोलून धरली तर क्लच प्लेट घासत राहते आणि लवकर झिजते. ब्रेक धरून थांबायचं, हँडब्रेक वापरायचा, निघताना सोडायचा. हे त्यांना डिलिव्हरीच्या दिवशी कोणी सांगितलं नाही, भाच्यानं सांगितलं.

स्क्रीन अडकणं, फोनची जोडणी तुटणं, रिव्हर्स कॅमेरा धुरकट होणं या तक्रारी सगळीकडे सारख्याच आहेत आणि त्यांतल्या बऱ्याच सॉफ्टवेअर अपडेटनं सुटतात. डॅशकॅम किंवा जादा दिवे बाहेरून बसवताना वायर कापून जोड देऊ नये, एवढं मात्र सांगायला हवं. नाहीतर बॅटरी रात्रीतून उतरते आणि त्या भागाची वॉरंटी नाकारली जाते.

ॲव्हरेजची तक्रार प्रत्येकानं केली. जाहिरातीतला आकडा येतो तो चाचणीतून. पुण्याच्या एआरएआयसारख्या संस्थांच्या प्रयोगशाळेत गाडी रोलरवर, ठरावीक वेगाच्या आलेखाप्रमाणे धावते. ना खड्डा, ना एसी. तो आकडा खोटा नाही, दोन गाड्यांची तुलना करायला तो उपयोगाचा आहे. पण घरखर्चाच्या हिशेबाला तो घेऊ नये. वीस टक्के इथेनॉलच्या पेट्रोलचा थोडा परिणाम त्यात आणखी आहे, कारण इथेनॉलच्या लिटरमध्ये ऊर्जाच कमी असते. नव्या गाड्या त्यासाठी तयार केलेल्या आहेत, म्हणून तो फरक त्यांना थोडकाच पडतो.

इतकं सगळं सांगूनही मी भेटलो त्यांतल्या कोणालाही गाडी परत द्यायची नव्हती. २०१८ च्या डिसेंबरमध्ये ग्लोबल एनकॅपच्या धडक-चाचणीत नेक्सॉननं पाच तारे मिळवले, भारतीय गाडीला पहिल्यांदाच, आणि तेव्हापासून घरांत बोलणं बदललं. रात्री-अपरात्री कंटेनरच्या ट्रेलरांमधून उरणच्या रस्त्यानं येणाऱ्या माणसाला उंच सीट, मजबूत पत्रा आणि एअरबॅग यांची किंमत कळते. म्हणूनच या तक्रारी मन लावून ऐकल्या जाव्यात असं मला वाटतं. लोकांना गाडी आवडलेली आहे आणि ती त्यांना दहा-बारा वर्षं वापरायची आहे.

ऐकून घेण्याची जागा म्हणजे सर्व्हिस सेंटर, आणि तिथे सगळ्यांना मिळालेलं उत्तर एकच: “हे नॉर्मल आहे सर, सगळ्याच गाड्यांना येतं.” बंदरातून निवृत्त झालेल्या एका काकांनी त्यावर वही घातली. किती किलोमीटरला, कुठल्या वेगाला, गाडी थंड की गरम, मागे माणसं होती का, सगळं तारखेनिशी. मागच्या दारातली खडखड दोनदा ‘सापडली नाही’ म्हणून परत आली होती. तिसऱ्यांदा त्यांनी टेक्निशियनला शेजारी बसवलं आणि त्याच गतिरोधकांवरून, त्याच वेगानं गाडी नेली. आतल्या पॅनेलची एक प्लास्टिक क्लिप बसलेली नव्हती. काकांचा आग्रह एकच: तोंडी काही सांगायचं नाही, जॉब कार्डावर आपल्या शब्दांत लिहून घ्यायचं आणि प्रत घरी आणायची.

ही प्रत पुढेही उपयोगी पडते. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याखाली जिल्हा आयोगाकडे जायचं तर दोष पहिल्यापासून होता आणि आपण वेळेत कळवला होता, हे दाखवावं लागतं. १९१५ या राष्ट्रीय हेल्पलाइनवर तक्रार नोंदवतानाही तारखा लागतात. मोटार वाहन कायद्यातल्या २०१९ च्या दुरुस्तीनं सुरक्षिततेचा दोष असलेल्या गाड्या परत बोलावण्याचा आदेश देण्याचा अधिकार सरकारला दिला आणि १ एप्रिल २०२१ पासून त्याचे नियम लागू झाले. ठरावीक प्रमाणात तक्रारी आल्या की ती यंत्रणा हलते. ब्रेक, स्टिअरिंग, इंधन गळती अशा गोष्टी सोसत बसलेला मालक त्या मोजणीत येतच नाही.

मावशींच्या मुलानं काकांकडून हे उचललं. गेल्या सर्व्हिसला त्यानं जॉब कार्डाच्या वरच्याच रकान्यात लिहून घेतलं: ‘गाडी खाडीकाठी, उघड्यावर उभी असते. रोजचा प्रवास कमी.’ ॲडव्हायझर आधी कुरकुरला, मग लिहिलं. गाडी परत आली तेव्हा चारही दारांची भोकं मोकळी केलेली होती, खालून गोड्या पाण्यानं धुतलेली होती, बॅटरीचं चार्जिंग तपासून आकडा लिहिलेला होता. यांतलं काहीही त्यानं मागितलं नव्हतं. आता दिवाळीआधीच्या सर्व्हिसला गावातल्या आणखी दोन गाड्या त्याच ओळीसह जाणार आहेत.